चर्चमध्ये समलिंगी विवाह: कोणता पंथ काय म्हणतो आणि का

प्रश्न थोडक्यात असा: "आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत आहे. मुलगा अमेरिकेत मिनियापोलिसला नोकरी करतो. त्याचा जोडीदार वसईचा, कॅथलिक घरातला. दोघांना चर्चमध्ये लग्न करायचे आहे. कोणते पंथ असे लग्न लावतात, कोणते लावत नाहीत आणि त्यामागे कारण काय? भारतात आल्यावर आपल्या मंडळीत त्या लग्नाला काही अर्थ राहील का? मुलाचे नाव मंडळीतून काढून टाकतील का?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. मिनियापोलिससारख्या शहरात त्यांचे लग्न रीतसर लावतील अशा मंडळ्या एकाहून अधिक पंथांत आहेत: एपिस्कोपल, लूथरन (म्हणजे ई.एल.सी.ए. नावाची मोठी लूथरन संस्था), प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए., युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट आणि २०२४ पासून युनायटेड मेथोडिस्टही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ते होणार नाही. सदर्न बाप्टिस्ट आणि असेंब्लीज ऑफ गॉड यांच्याकडेही होणार नाही. भारतात आपल्या सी.एन.आय.मध्येही ते होऊ शकत नाही. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याला वाटते तितके कठोर नाही. त्याकडे शेवटी येतो.

पाळक म्हणून मी सत्तावीस वर्षे सेवा केली, त्यातली काही वर्षे अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहानशा दक्षिण आशियाई मंडळीत गेली, आणि विवाहपूर्व समुपदेशन हे माझ्या कामाचे कायमचे अंग होते. त्या अनुभवावरून सांगतो की "ख्रिस्ती धर्म याबद्दल काय म्हणतो" असे विचारले, तर हाती काहीच लागत नाही. विचारावे ते असे: या चर्चच्या मते लग्न लावते कोण, आणि लग्नाचा नियम बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे कळली की त्या पंथाची भूमिका बहुतेक वेळा आपोआप उलगडते आणि ती उद्या बदलेल की नाही याचाही अंदाज येतो.

कॅथलिक चर्चपासून सुरुवात करतो, कारण वसईच्या घरात हा प्रश्न सगळ्यात जड जाणार आहे. लॅटिन परंपरेच्या कॅथलिक शिकवणीनुसार विवाहाचा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, धर्मगुरू देत नाहीत. तो वधूवर एकमेकांना देतात, आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारून ती स्वीकारतात. मग दोन पुरुषांनी मनापासून संमती दिली तर काय अडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. चर्चचे म्हणणे असे की स्त्रीपुरुषभेद आणि संततीसाठी खुले असणे हा विवाहाचा गाभाच आहे. ती चर्चने घातलेली अट नसल्यामुळे चर्चला ती काढताही येत नाही. म्हणजे एखादे धर्मगुरू मनाने कितीही मोकळे असले, बिशपही सहानुभूती बाळगणारे असले, तरी "हा अधिकार आमच्या हाती नाही" हेच उत्तर मिळते. त्यांनी आपल्या मुलाला नाकारले असा त्याचा अर्थ त्या घरातल्या कोणी लावू नये, असे मला कळकळीने वाटते.

२०२१ च्या मार्चमध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांच्या नात्याला आशीर्वाद देता येणार नाही असे लेखी कळवले होते. १८ डिसेंबर २०२३ रोजी 'फिदुचिया सुप्लिकान्स' या घोषणापत्राने त्यात एक दार किलकिले केले: जोडपे आशीर्वाद मागायला आले तर धर्मगुरू उत्स्फूर्तपणे त्यांच्यासाठी प्रार्थना करू शकतात. परंतु त्यासाठी कोणताही ठरलेला विधी असणार नाही, नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून ती होणार नाही, आणि लग्नातले कपडे, खुणा किंवा शब्द तिथे वापरले जाणार नाहीत. लगेच जानेवारीत व्हॅटिकनने खुलासा करताना दहापंधरा सेकंदांच्या प्रार्थनेचे उदाहरण दिले. एवढेही आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदांना मान्य झाले नाही आणि आपल्या खंडात असे आशीर्वाद दिले जाणार नाहीत असे त्यांनी ११ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले. ही प्रार्थना मनाला आधार देणारी असू शकते, मी तिची किंमत कमी करत नाही. पण ती लग्न नव्हे, आणि तिला लग्न समजून पाहुण्यांना बोलावले तर त्या दिवशी दोन्ही घरांना दुःखच होईल.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उलट धर्मगुरूंचा आशीर्वाद आणि वधूवरांच्या मस्तकी ठेवलेला मुकुट हाच विवाहाचा कणा मानतात. तिथे नियम बदलायचा तर शतकानुशतकांच्या परंपरेशी आणि इतर सर्व ऑर्थोडॉक्स चर्चांशी एकमत हवे. ग्रीसच्या संसदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा केला, तेव्हा तिथल्या चर्चने त्याला उघड विरोध केला. त्यात नजीकच्या काळात बदल होईल असे मला दिसत नाही.

लूथरन परंपरा समजून घेतल्याशिवाय उत्तर युरोपात काय घडले ते कळत नाही. मार्टिन लूथरने १५२९ मध्ये विवाहविधीची पुस्तिका लिहिताना लग्न हा ऐहिक व्यवहार आहे, असे म्हटले. लूथरन लोक विवाहाला साक्रामेंत मानत नाहीत. लग्नाची व्याख्या राजसत्तेच्या कक्षेतली आणि चर्चचे काम देवाचे वचन सांगून जोडप्यासाठी प्रार्थना करण्याचे, अशी त्यांची विभागणी आहे. त्यामुळे कायदा बदलला की चर्चपुढचा प्रश्न "लग्न म्हणजे काय" असा उरत नाही. "कायद्याने जे लग्न आहे त्याला आम्ही आशीर्वाद द्यावा का" एवढाच उरतो. स्वीडनमध्ये १ मे २००९ रोजी कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला चर्च ऑफ स्वीडनच्या धर्मसभेने १७६ विरुद्ध ६२ मतांनी चर्चमधील समलिंगी विवाहाला मान्यता दिली. डेन्मार्कमध्ये २०१२ साली संसदेच्याच कायद्याने ते झाले. एखाद्या पाळकाला नकार देता येतो, पण मग बिशपने दुसरा पाळक मिळवून द्यायचा असतो. नॉर्वेच्या चर्चने २०१७ मध्ये स्त्रीपुरुष असा उल्लेख नसलेला विवाहविधी स्वीकारला आणि जुना विधीही ठेवला.

इंग्लंडची गोष्ट नेमकी याच्या उलट दिशेने गुंतली. चर्च ऑफ इंग्लंड हे राष्ट्राचे अधिकृत चर्च, तिथला पाळक लग्नाच्या कायदेशीर नोंदीतही सहभागी, आणि पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक विभागात) राहणाऱ्या माणसाला आपल्या पॅरिश चर्चमध्ये लग्न करण्याचा परंपरेने कायदेशीर हक्क. म्हणून २०१३ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा करताना या चर्चसाठी विशेष तजवीज करावी लागली, जिला लोक 'चार कुलपे' म्हणू लागले. तिच्यानुसार चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने समलिंगी विवाह होऊच शकत नाही. डिसेंबर २०२३ पासून तिथे नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यांसाठी 'प्रेम आणि विश्वास' या नावाच्या प्रार्थना करता येतात, पण तो विवाह नाही. शेजारच्या स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने मात्र २०१७ मध्येच आपला नियम बदलला. चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ मध्ये २७४ विरुद्ध १३६ मतांनी आपल्या सेवकांना असे विवाह लावण्याची परवानगी दिली. आणि ब्रिटिश मेथोडिस्टांनी २०२१ मध्ये विवाहाच्या दोन व्याख्या शेजारी शेजारी ठेवून, ज्याची जी सदसद्विवेकबुद्धी तसे करण्याची मोकळीक दिली. ब्रिटनमधले क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक २००९ मध्येच या निर्णयाला आले होते. त्यांच्याकडे पाळकच नसतो: जोडपे शांत सभेत उभे राहून एकमेकांना वचन देते आणि हजर असलेला प्रत्येक जण कागदावर सही करतो.

आता आपल्या मुलाच्या शहराकडे वळतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये ई.एल.सी.ए.ची महासभा मिनियापोलिसलाच भरली होती. लैंगिकतेविषयीचे निवेदन संमत व्हायला दोनतृतीयांश मते लागणार होती. १९ ऑगस्टला दुपारी शहरात चक्रीवादळ शिरले, सभागृहाशेजारच्या सेंट्रल लूथरन चर्चच्या मनोऱ्याचे नुकसान झाले, आणि त्याच दिवशी मतमोजणी झाली: ६७६ विरुद्ध ३३८. म्हणजे बरोबर दोनतृतीयांश, एकही मत जास्त नाही. कोणी त्या वादळात देवाचा कोप पाहिला, कोणी पवित्र आत्म्याचा वारा पाहिला. पुढच्या वर्षांत शेकडो मंडळ्या त्या संस्थेतून बाहेर पडल्या. जे राहिले त्यांनी एक तत्त्व मान्य केले की या विषयावर भिन्न मत असणाऱ्या बांधवाची सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाशी बांधलेली आहे असे मानायचे आणि तिचा आदर करायचा. म्हणून ई.एल.सी.ए.च्या एका मंडळीत लग्न लागते आणि दोन रस्ते पलीकडच्या मंडळीत लागत नाही. बाहेरच्या पाटीवर दोन्हीकडे तेच नाव असते, तेव्हा पाटी पाहून निष्कर्ष काढू नये.

एपिस्कोपल चर्चने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २६ जून २०१५ चा निकाल आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, सॉल्ट लेक सिटीच्या अधिवेशनात विवाहाचे नवे विधी संमत केले, आणि २०१८ मध्ये असे ठरवले की स्थानिक बिशपांचा विरोध असला तरी जोडप्याला आपल्या मंडळीत ते विधी मिळावेत. प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए.ने २०१५ मध्ये घटनेतली व्याख्या बदलून "दोन व्यक्ती, परंपरेने एक पुरुष व एक स्त्री" अशी केली. तडजोड म्हणून ते शब्द तसे ठेवले गेले आणि माझ्या मते ती प्रामाणिक तडजोड होती. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या महासभेने २००५ मध्येच समान विवाहाला पाठिंबा दिला, पण तिथे प्रत्येक मंडळी स्वतंत्र असल्याने महासभेचा ठराव कोणावरही बंधनकारक नाही.

सगळ्यात लांबलेला आणि सगळ्यात वेदनेचा झगडा युनायटेड मेथोडिस्टांचा. १९७२ मध्ये त्यांच्या नियमग्रंथात समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे वाक्य आले. २०१९ च्या सेंट लुईस अधिवेशनात ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी बंदी आणखी कडक झाली. त्यानंतरच्या चार वर्षांत अमेरिकेतील सुमारे पाव हिस्सा मंडळ्या, म्हणजे साडेसात हजारांहून अधिक, संस्थेतून निघून गेल्या. त्यांपैकी बऱ्याच २०२२ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल मेथोडिस्ट चर्चमध्ये सामील झाल्या. २०२४ मध्ये शार्लटच्या अधिवेशनात ते ५२ वर्षांचे वाक्य आणि त्याबरोबरच्या बंदी काढून टाकण्यात आल्या. मी त्या काळात एका दांपत्याला ओळखत होतो. त्यांचे लग्न ज्या इमारतीत झाले, मुलांचे बाप्तिस्मे जिथे झाले, ती इमारत मतदानानंतर दुसऱ्या संस्थेकडे गेली आणि ते दोघे रविवारी कुठे जावे हे ठरवू न शकता गाडीत बसून राहिले. दोन्ही बाजूंच्या माणसांनी खरोखर काहीतरी गमावले आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले.

बाप्टिस्टांमध्ये प्रत्येक मंडळी स्वायत्त, तरी सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन समलिंगी नात्यांना मान्यता देणाऱ्या मंडळीशी सहकार्य तोडते. नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन मंडळ्यांबाबत १९९२ मध्येच तसे झाले.

आपण "त्यामागे कारण काय" असे विचारले आहे, म्हणून पवित्र शास्त्राबद्दलही लिहिणे भाग आहे. विरोध करणारे लेवीय १८, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ६ यांचा आधार देतात. समर्थन करणारे म्हणतात की ही पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या डोळ्यांपुढे गुलामांचे व कोवळ्या मुलांचे शोषण होते, आणि त्याने वापरलेल्या 'मलाकोई' व 'आर्सेनोकोईताय' या ग्रीक शब्दांचा नेमका अर्थ लावणे अवघड आहे. माझे मत असे की या वचनांवरच्या वादात दोन्ही बाजू आपला खरा आधार मागे ठेवतात. विरोधकांचा खरा भक्कम आधार उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे, कारण मत्तय १९ मध्ये प्रभू येशू स्वतः तीच वचने उद्धृत करून विवाहाबद्दल बोलतो. आणि समर्थकांचा खरा भक्कम मुद्दा त्याच अध्यायात आहे: तिथे मूळ प्रश्न घटस्फोटाचा होता, प्रभूचे उत्तर अत्यंत कडक होते, आणि तरीही बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चांनी घटस्फोटितांचे पुनर्विवाह करुणेने लावायला सुरुवात केली. एका ठिकाणी दाखवलेली करुणा दुसऱ्या ठिकाणी का नाही, याचे उत्तर विरोधकांना द्यावे लागते. आणि स्त्रीपुरुषाची उत्पत्तीतली जोडी विवाहासाठी गाभ्याची का नाही, याचे उत्तर समर्थकांना द्यावे लागते. कोणाशी बोलताना समोरचा माणूस बायबल मानत नाही असे गृहीत धरू नका. माझ्या अनुभवात दोन्हीकडची माणसे गुडघे टेकून निर्णयाला आलेली असतात.

आता आपल्याकडे. सी.एन.आय.ची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली, ती अँग्लिकन, मेथोडिस्ट, बाप्टिस्ट अशा अनेक प्रवाहांच्या संगमातून. ती अँग्लिकन परिवाराची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील चर्चांच्या जागतिक परिवाराची, सभासद आहे; अमेरिकेतले एपिस्कोपल चर्चही त्यातलेच. पण त्या परिवारातला प्रत्येक प्रांत स्वतंत्र आहे. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचा निर्णय आपल्यावर लागू होत नाही, तसाच आपला नियम त्यांना लागू होत नाही. मेथोडिस्ट चर्च इन इंडियाही अमेरिकेतल्या युनायटेड मेथोडिस्टांपासून वेगळी संस्था आहे. नावे सारखी असल्याने आपल्याकडच्या घरांत याबाबत फार गोंधळ होतो.

कायद्याची बाजूही पाहा. आपल्या चर्चच्या कपाटात असते ती जाड नोंदवही १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्याप्रमाणे आखलेली असते: नाव, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, वडिलांचे नाव, आणि एक रकाना 'स्थिती' असा, ज्यात पुरुषापुढे अविवाहित किंवा विधुर आणि स्त्रीपुढे कुमारिका किंवा विधवा असे लिहितात. मी त्या रकान्यात शेकडो वेळा लिहिले आहे. पाळक त्या वहीवर सही करतो तेव्हा तो कायद्याचे काम करत असतो, आणि आजच्या कायद्यात दोन पुरुषांची नावे त्यात बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. त्यामुळे मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटातले त्यांचे लग्न तिथे पूर्ण कायदेशीर असेल, पण भारतात ते विवाह म्हणून धरले जाणार नाही. दोघांचे नाते मात्र इथे गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते स्पष्ट झाले आहे. त्याआधी, २०१३ मध्ये जेव्हा समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू झाले होते, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनीही समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याला विरोध नोंदवला होता, हे वसईच्या घराला सांगण्यासारखे आहे.

मुलाला एवढे सांगा की मंडळी निवडताना पाळकांना प्रत्यक्ष भेटून स्पष्ट विचारावे: आपण लग्न लावणार आहात की आशीर्वादाची प्रार्थना करणार आहात? हा निर्णय आपला एकट्याचा की मंडळीच्या परिषदेचा, आणि परिषदेने तो लेखी घेतला आहे का? विधीत आम्हाला कोणते शब्द म्हणावे लागतील? काउंटीकडून घेतलेल्या परवान्यावर दोन साक्षीदारांबरोबर आपण सही कराल का? घाई असेल तर हेही लक्षात असू द्या की एपिस्कोपल चर्चमध्ये साधारणपणे किमान तीस दिवस आधी कळवावे लागते आणि त्यात विवाहपूर्व समुपदेशन होते. "सर्वांचे स्वागत आहे" या फलकावर विसंबू नका. स्वागत करणाऱ्या पण लग्न न लावणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत, आणि हे लग्नाच्या महिनाभर आधी कळले की जोडप्याचे मन मोडते. समुपदेशनाच्या खोलीत मी सगळ्यात जास्त अश्रू नकारामुळे पाहिले नाहीत. अर्धवट होकारामुळे पाहिले.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. आपल्या मंडळीतले सभासदत्व बाप्तिस्मा आणि दृढीकरणावर उभे आहे. पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) त्याला पदाधिकारी होऊ देईल का, प्रभुभोजनाच्या वेळी कोणी कुजबुज करेल का, याची हमी मी देऊ शकत नाही. ते तिथल्या पाळकांवर आणि माणसांवर अवलंबून राहील, आणि आपण त्यांना आधी भेटून बोललात तर बरे. पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले नाव कोणी खोडत नाही, ती पाने पुसण्याची रीतच नाही. दोघे सुट्टीत घरी आले आणि आपण प्रार्थनेला बोलावले, तर बऱ्याच पाळकांना येण्यात अडचण वाटणार नाही. फक्त ती घरची प्रार्थना आहे, विवाहविधी नाही, हे त्यांना आणि नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. मुलाने मंडळी ठरवली की त्या मंडळीने लेखी काय कळवले ते मला पाठवा. त्यातला कोणता शब्द लग्नाचा आणि कोणता आशीर्वादाचा, ते मी वाचून सांगतो.